चित्र लूव्रमध्ये, भिंत व्हेनिसमध्ये आणि घंटा मेणवलीत

शनिवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीचे पाच जण होतो आणि विषय निघाला शिऱ्यामुळे. तो आणि वहिनी नुकतेच युरोप करून आलेत. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं की खाण्याचे हाल, नुसता पाव नि चीज, आणि चर्च काय, एक बघितलं की सगळी बघितली. मोनालिसा मात्र बघितली म्हणाला, फोटो दाखवला, त्यात ती नखाएवढी आणि पुढे शंभर मोबाईल.

मी विचारलं, तू मोनालिसाकडे तोंड करून उभा होतास ना, मग तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर काय होतं?

म्हणाला, काहीतरी मोठं होतं रे, लग्नाबिग्नाचं.

इथेच माझं डोकं फिरलं. ते काहीतरी मोठं म्हणजे व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं ‘काना गावातलं लग्न’. 6.77 मीटर उंच आणि 9.94 मीटर रुंद, म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांच्या भिंती त्यात मावतील, आणि समोरची मोनालिसा 77 सेंटीमीटर बाय 53. अख्खं जग त्या चित्राकडे पाठ करून उभं असतं. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं, टूरवाल्यांनी पॅरिसच्या त्या सगळ्या लूव्र म्युझियमला मिळून दीड तास दिला होता, धावत गेलो, फोटो काढला, धावत बाहेर.

ऑल्विन वसईचा, त्याला गोष्ट लहानपणापासून पाठ. म्हणाला, काना गावात लग्न असतं, द्राक्षारस संपतो, मरियामाता येशूला सांगते की यांच्याकडचा द्राक्षारस संपला, मग तो सहा दगडी रांजण पाण्याने भरायला लावतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. वहिनी पटकन म्हणाल्या, म्हणजे लग्नात श्रीखंड संपल्यावर यजमानांची जी अवस्था होते तीच. अगदी तीच, ऑल्विन म्हणाला, म्हणून तर ती गोष्ट आम्हाला एवढी जवळची वाटते.

आता मला जे सांगायचं होतं ते हे की हे चित्र म्युझियमसाठी काढलेलंच नाही, ते जेवणघरासाठी काढलंय. व्हेनिसला सान जॉर्जो माज्जोरे नावाचं बेट आहे, तिथला बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, त्याचं भोजनगृह पल्लादिओ या वास्तुकाराने बांधलेलं, आणि त्याच्या शेवटच्या भिंतीवर 1563 साली हे चित्र लागलं. त्या साधूंचा नियम असा की जेवताना बोलायचं नाही, एक जण धर्मग्रंथ वाचणार आणि बाकीच्यांनी गप जेवायचं. आणि समोर भिंतीवर काय, तर शंभरावर माणसांचा गलका, गाणारे, वाजवणारे, कुत्रे, एक मांजर, आणि डावीकडे एक नटलेली बाई काडीने दात कोरतेय! मधोमध येशू बसलाय आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर वरच्या गच्चीत नोकर मटण कापतायत. नाना जेजेत शिकलेले, ते म्हणाले, तो कापलेला कोकरू म्हणजे पुढे येशूचं काय होणार त्याची खूण, आणि लिओनार्दोचं लास्ट सपर पण मिलानच्या मठात जेवणाच्या खोलीतच आहे. म्हणजे शिऱ्या, तू खाणं, चर्च आणि चित्रं असे जे तीन कप्पे केलेस ना, ते त्या लोकांनी केलेच नव्हते.

मग ते चित्र पॅरिसला कसं गेलं, पक्याने विचारलं. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने काढून नेलं, न्यायला सोयीचं म्हणून कापून तुकडे केले आणि तिकडे परत शिवलं. पुढे बरीच लूट परत आली, हे नाही आलं. मठातली भिंत दोनशे वर्षं चित्राविना, आणि 2007 मध्ये तिथे हुबेहूब त्याच मापाची कॉपी लावली, लूव्रमधल्या चित्राचं स्कॅनिंग करून कॅनव्हासवर छापलेली.

मी दोन्ही बघितलीत. आणि मी शपथेवर सांगतो, मला जास्त मिळालं ते कॉपीसमोर. वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यातली बेस्ट, 2 क्रमांकाच्या मार्गाची, ती पकडून बेटावर उतरलो, आत गाइडबरोबरच सोडतात, आणि त्या लांब रिकाम्या खोलीच्या टोकाला ते चित्र. खोली संपते तिथे चित्रातले खांब सुरू होतात, म्हणजे पलीकडे अजून एक अंगण आहे आणि तिथे पंगत बसलीय असं वाटतं. मी वीस मिनिटं उभा होतो, कोणी ढकललं नाही.

शिऱ्या पेटला. छापील चित्र बघून रडणारा तू, म्हणे, मग उद्या घरात फ्लेक्स लाव. व्हेरोनेझेचा हात जिथे लागलाय ते खरं, बाकी झेरॉक्स. नाना पण त्याच्याच बाजूने, रंगाचा थर, ब्रशचा दाब हे मशीनला येत नाही म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पक्याचं वेगळंच, चोरीचा माल परत करा, विषय संपला.

तेव्हा नाना त्याच्याकडे वळले. बरं, मग मेणवलीची घंटा?

सगळे गप्प. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा आपल्या देवळांना गेल्या, वाईजवळ मेणवलीला घाटावर अजून एक टांगलेली आहे, तिच्यावर मरिया आणि बाळ येशू आहेत आणि 1707 साल कोरलंय. पक्या म्हणाला ते वेगळं, ती लढाई होती. नाना म्हणाले, नेपोलियनचं काय होतं, सहल होती?

आम्ही सगळे ऑल्विनकडे बघायला लागलो, जरा अवघडूनच. तो शांतपणे म्हणाला, मी लहान असताना बाबांनी नेलं होतं मेणवलीला. बाबांनी घंटेवरच्या मरियेला हात लावला, कपाळाला लावला आणि मग ती वाजवली. ती वाजते रे तिथे. लोक देवाचं नाव घेऊन वाजवतात. तुमच्या त्या चित्राला तर लोक पाठ दाखवतात. मला यापुढे बोलायला काही सुचलं नाही, पक्यालाही नाही.

खाण्याचं मात्र मी सोडलं नाही. शिऱ्या व्हेनिसला दोन रात्री राहिला आणि हॉटेलात पिझ्झा खाऊन आला, हे मला बघवत नाही. तिथे छोटे बार असतात, बाकारो म्हणतात, काउंटरवर बश्या मांडलेल्या, उभ्या उभ्या खायचं, आपल्या वडापावच्या गाडीवर उभे राहतो तसंच. बाकाला मांतेकातो म्हणून एक प्रकार, नॉर्वेकडून येणारा वाळवलेला कॉड, लाकडासारखा कडक, तो भिजवायचा, उकडायचा आणि तेल घालत घालत घोटत राहायचं, शेवटी लोण्यासारखा पांढरा मऊ गोळा होतो, तो पावावर. पहिल्या घासाला मला आजीच्या सुक्या बोंबलाची चटणी आठवली, चव अजिबात तशी नाही, पण सुक्या मासळीचा तो मागून येणारा वास, तो ओळखीचा. आणि सार्दे इन साओर, तळलेल्या तारल्या, वर भरपूर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे, एक दिवस मुरवलेलं. खलाशांचं खाणं, टिकायला हवं म्हणून.

वहिनींनी ऐकता ऐकता शिऱ्याला चिमटा काढला, तू मला चीज पाव खायला घातलास.

शिऱ्या अजून म्हणतोय की कॉपी ती कॉपी. ऑल्विनने रविवारी वसईला बोलावलंय, सकाळी चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना आहे, मग किल्ल्यातली पडकी चर्चं, मग त्याच्या आईच्या हातचे बोंबील. पक्या विचारत होता की मिस्सेला चप्पल बाहेर काढायची का.