तो निकाल कोर्टाचा नव्हे, लवादाचा

अमेरिकन टीव्हीवरच्या जज ज्युडींवरील लेखात त्यांनी ‘कोर्टात शिक्षा सुनावली’ असं लिहिलंय, ते दुरुस्त करायला हवं. जज ज्युडी म्हणजे ज्युडी शाइंडलिन खऱ्या न्यायाधीश होत्या, पण 1996 पर्यंतच. न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी 1982 मध्ये त्यांना कुटुंब न्यायालयावर नेमलं, 1986 मध्ये त्या मॅनहॅटनच्या पर्यवेक्षी न्यायाधीश झाल्या. 1996 मध्ये निवृत्त होऊन त्याच सप्टेंबरात ‘जज ज्युडी’ ही टीव्ही मालिका सुरू, ती 2021 मध्ये संपली. तिथे त्या फक्त लवाद, म्हणजे दोन्ही पक्षांनी करार करून मान्य केलेल्या पंच, होत्या!

पद्धत अशी होती: दोन्ही पक्ष छोट्या दाव्यांच्या कोर्टातला खटला मागे घेत आणि लवादाचा निर्णय बंधनकारक मानू, असा करार करत. रकमेची मर्यादा 5,000 डॉलर. हरणाऱ्याच्या खिशातून मात्र दमडीही जात नसे, पैसे निर्माते भरत. वर प्रवासखर्च आणि मानधन. एरवी कॅमेऱ्यासमोर बोलणी खायला कोण आलं असतं? मागे बसलेले प्रेक्षकही पैसे देऊन आणलेले.

लवादाचा अधिकार करारापुरताच, आणि गोची तिथेच होते. मुलांच्या भेटीगाठींबद्दल त्यांनी दिलेला एक आदेश 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयाने मानला नाही, कारण तो विषय करारात नव्हताच. ज्या कोर्टात त्यांची हयात गेली, त्याच प्रकारच्या कोर्टाने हे सांगावं!

बाकी, मालिकेच्या शेवटच्या वर्षांत वर्षाला सुमारे 52 दिवस चित्रीकरण आणि त्याचे ज्युडींना 4.7 कोटी डॉलर, हा लेखातला आकडा बरोबर आहे.