‘थ्रेड-सेफ’ एवढ्या एका शब्दावर भागत नाही

सिडकोत राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात एक संदेश पाठवून विचारले, “मामा, हे बरोबर आहे ना? मग प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एवढेच लिहिते.” संदेश असा होता: ‘स्ट्रटोकऐवजी स्ट्रटोक_आर वापरा. ते थ्रेड-सेफ असल्याने एकच स्ट्रिंग दोन थ्रेडनी एकाच वेळी तोडली तरी चालते. मूळ स्ट्रिंग शाबूत राहते. तिसरा पॉइंटर ग्लोबल ठेवावा. थ्रेड नसतील तर स्ट्रटोकही निर्धोक आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये थ्रेड-सेफ लिहिले की पुरे.’ स्ट्रटोक आणि स्ट्रटोक_आर ही सी भाषेतली फंक्शने; स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, स्वल्पविरामासारख्या खुणेवर (डिलिमिटरवर) तोडून ती तुकडे देतात. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, आणि अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरले तरी बिघडत नाही ते थ्रेड-सेफ. तिसरा पॉइंटर म्हणजे पुढचे तोडणे कुठून सुरू करायचे याचा पत्ता, जो ठेवायची जागा स्ट्रटोक_आरला आपण द्यायची असते. नाशिकमधल्या अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये हा मजकूर फिरतो आहे आणि मुले तो पडताळून न पाहता उतरवून घेत आहेत, याचा मला मनापासून राग येतो.

एकच स्ट्रिंग दोन थ्रेडनी एकाच वेळी तोडली तरी चालते, हे विधान सर्वांत घातक आहे. भाचीच्या प्रोजेक्टमध्ये बाजार समितीतील आवकेच्या ओळी येतात. गाव, पीक, प्रत आणि क्विंटल असा त्यांचा क्रम. ‘लासलगाव,कांदा,उन्हाळ,१२०’ ही ओळ घ्या. स्ट्रटोक_आर पहिला तुकडा देताना त्यापुढचा स्वल्पविराम पुसून तेथे शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण, लिहिते आणि पुढची जागा तिसऱ्या पॉइंटरमध्ये ठेवते. आता दुसऱ्या थ्रेडने स्वतःचा वेगळा पॉइंटर घेऊन तीच ओळ आरंभापासून तोडायला घेतली, तर ‘लासलगाव’नंतर त्याला शून्य बाइट दिसतो आणि त्याच्या लेखी ओळ तेथेच संपते. प्रोग्रॅम कोसळत नाही, चूक दाखवत नाही; कांदा आणि त्याचे क्विंटल मुकाट्याने गळून जातात. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सी लायब्ररीच्या (तयार फंक्शनांच्या संचाच्या) मॅन्युअलमध्ये स्ट्रटोक_आरला थ्रेड-सेफ म्हटले आहे हे खरे, परंतु फंक्शनला दिलेल्या वस्तूंवर थ्रेडची झोंबाझोंबी होऊ न देण्याची जबाबदारी फंक्शन वापरणाऱ्याची आहे, हेही त्याच मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. थ्रेड-सेफ फंक्शने एकामागून एक वापरली म्हणून त्यांची जुळणी थ्रेड-सेफ होतेच असे नाही, असेही तेथे बजावले आहे. संदेश लिहिणाऱ्याने पहिला शब्द उचलला आणि अटी सोडून दिल्या.

मूळ स्ट्रिंग शाबूत राहत नाही, हे वरच्या उदाहरणातूनच दिसते. म्हणून थेट कोडमध्ये लिहिलेल्या अवतरणातल्या स्ट्रिंगवर हे फंक्शन चालवू नये. तिसरा पॉइंटर सर्व थ्रेडना मिळून एकच ठेवला, तर स्ट्रटोकच्या पोटात दडलेली सामायिक अवस्था, म्हणजे कुठवर तोडले याची खूण, आपण बाहेर आणून पुन्हा सामायिकच केली; मग फंक्शन बदलून काय मिळवले?

थ्रेड नसतील तर स्ट्रटोकही निर्धोक, या विधानात अर्धे सत्य आहे, हे मान्य करणे भाग आहे. एकाच थ्रेडच्या लहान प्रोग्रॅममध्ये, एका वेळी एकच स्ट्रिंग तोडायची असेल, तर स्ट्रटोक बिघडवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत तर ते आपली अवस्था प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी ठेवते. परंतु बाहेरच्या लूपमध्ये ओळी आणि आतल्या लूपमध्ये रकाने तोडायला घेतले की एकाच थ्रेडमध्येही आतले स्ट्रटोक बाहेरच्याची खूण पुसून टाकते. थ्रेड नाहीत म्हणून निर्धोक, हे म्हणणे तेथेच कोसळते.

आणखी एक गोष्ट संदेशात नाहीच, ती म्हणजे रिकामा रकाना. ‘लासलगाव,कांदा,,१२०’ मध्ये सलग आलेले दोन स्वल्पविराम स्ट्रटोक_आर एकच धरते, त्यामुळे १२० प्रतीच्या रकान्यात जाऊन बसते. बीएसडी या युनिक्स-वंशाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलेले स्ट्रसेप हे तशाच कामाचे फंक्शन रिकामा रकाना रिकामाच देते, मात्र तेही मूळ स्ट्रिंगमध्ये लिहितेच.

भाचीच्या फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आम्ही शेवटी हे लिहिले: ‘हे फंक्शन दिलेली स्ट्रिंग बदलते. एक स्ट्रिंग आणि तिचा स्थिती-पॉइंटर (तिसरा पॉइंटर) एका वेळी एकाच थ्रेडने वापरावा. निरनिराळ्या स्ट्रिंगवर निरनिराळे थ्रेड एकाच वेळी चालू शकतात. पहिल्या वेळी स्ट्रिंग द्यावी, त्यानंतर नल (रिकामा पॉइंटर) द्यावे आणि स्थिती-पॉइंटरला मध्ये हात लावू नये. सलग डिलिमिटर एकच धरले जातात. रिकामे रकाने मिळत नाहीत.’