ग्रिंच वाईट का, ते विचारू नका असं सांगितलं होतं

गेल्या डिसेंबरात आई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. साडेचारलाच अंधार पडायचा, बाहेर फिरायची सोय नाही. लेकीच्या शाळेला सुट्टी लागली आणि तिने लागोपाठ दोन रात्री ग्रिंच या नाताळच्या गोष्टीची दोन रूपं लावली. पहिल्या रात्री १९६६चं कार्टून, दुसऱ्या रात्री २००० सालचा जिम कॅरीचा सिनेमा.

आईचं इंग्रजी चार-दोन शब्दांपुरतं. कार्टून तिने एकही प्रश्न न विचारता पाहिलं. सिनेमाला मात्र दर पाच मिनिटांनी, "अगं, आता हा का रडतोय?", "ह्या दोघी कशावरून भांडतायत?", "हा लहानपणीचा तोच का?" मी भाषांतर करून थकले. शेवटी तिने विचारलं, "काल ह्याच गावातली माणसं किती गुणी होती, आज ह्यांना एवढी हाव कुठून सुटली?"

तो प्रश्न वर्षभर डोक्यात आहे, म्हणून आज लिहायला बसले.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंगरावरच्या गुहेत ग्रिंच नावाचा हिरवा, केसाळ प्राणी राहतो. खाली हूव्हिल गाव. गावातल्या नाताळाच्या आनंदाचा त्याला इतका तिटकारा की तो सांताचा वेष करून एका रात्रीत घराघरातल्या भेटवस्तू, सजावट, खाणंपिणं सगळं लुटून नेतो. सकाळी रडारड ऐकू येईल म्हणून कान लावून बसतो, आणि खालून गाणं ऐकू येतं. काहीही उरलेलं नसताना सगळं गाव हातात हात घालून गात असतं. बस, एवढीच गोष्ट. मुलांसाठी लिहिणारे अमेरिकन लेखक डॉक्टर स्यूस यांचं मूळ पुस्तक १९५७चं, मोठ्याने वाचलं तरी दहा-बारा मिनिटांत संपतं. दिग्दर्शक चक जोन्सने त्याचं टीव्हीसाठी सव्वीस मिनिटांचं कार्टून केलं. १८ डिसेंबर १९६६ला ते अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलं गेलं. जिम कॅरीचा सिनेमा, दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, पावणेदोन तासांच्या आसपास जातो.

आता हा वाढीव सव्वा तास भरायचा कशाने? इथेच सगळं बिनसतं.

कार्टूनमध्ये सुरुवातीलाच निवेदक सांगतो की ग्रिंच असा का आहे ते विचारू नका, कोणालाच नीट ठाऊक नाही. मग तोच दोन-तीन अंदाज करतो. डोकं नीट बसवलेलं नसेल, बूट घट्ट होत असतील, पण बहुतेक काळीजच दोन मापं लहान असेल. विषय संपला. सिनेमाने नेमकं तेच विचारलं, आणि उत्तर दिलं. लहानपणी ग्रिंच शाळेत वेगळा दिसायचा. एका मुलीवर त्याचा जीव होता, तिच्यासाठी त्याने भेट बनवली, चांगलं दिसावं म्हणून चेहरा भादरताना कापून घेतलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून नाताळाचा राग. प्रसंग करुण आहे, नाकारत नाही. माझी लेक रडली. पण त्या क्षणापासून ग्रिंच हा अन्याय झालेला माणूस होतो आणि गाव गुन्हेगार. मग हूव्हिलला गुन्हेगार ठरवायला तिथली माणसं हावरटही करावी लागतात. बायका रोषणाईच्या स्पर्धेवरून इरेला पेटतात, दुकानांत झुंबड उडते, छोटी सिंडी लू एकटीच विचारत फिरते की नाताळ म्हणजे एवढंच का. शेवटी तिचे वडील सगळ्यांसमोर म्हणतात की भेटी गेल्या ते बरंच झालं.

म्हणजे चोरीने गावाचं भलं झालं! आणि कार्टूनमध्ये? तिथे गावाला शिकायचं काहीच नव्हतं. त्यांचा आनंद वस्तूंत कधी नव्हताच, ही गोष्ट फक्त ग्रिंचला माहीत नव्हती. तो बर्फात थिजून उभा राहतो, पाय गारठलेत, आणि कितीतरी वेळ कोडं सोडवतो: फिती नाहीत, खोकी नाहीत, तरी आला कसा हा सण? त्याच्या काळजाला फोडणारी गोष्ट ती आहे. गाव जर आदल्या दिवसापर्यंत खरेदीवर जीव टाकत असेल, तर सकाळच्या गाण्याने ग्रिंचने का बदलावं? आईला इंग्रजी न कळता हे कळलं, आणि पटकथा लिहिणाऱ्यांच्या हातून सुटलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या गाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. गावकरी जे गातात त्यातले बरेचसे शब्द निरर्थक आहेत, लॅटिनसारखे वाटणारे नुसते नाद. तेव्हा काही प्रेक्षकांनी ती खरीच लॅटिन समजून अर्थ विचारणारी पत्रं पाठवली होती. आमच्या घरी आईने मात्र अर्थ विचारला नाही. ती पदराने चष्मा पुसत होती आणि तोंडातल्या तोंडात सूर धरत होती. आरती म्हणताना धरते तसा.

आणि मॅक्स! ग्रिंचचा कुत्रा. मूळ पुस्तकात त्याला फार काम नाही, चक जोन्सने त्याला मोठं केलं. सांताच्या गाडीला असतं तसं हरीण हवं म्हणून ग्रिंच त्याच्या डोक्यावर दोऱ्याने एक भलंमोठं शिंग बांधतो, तर त्या वजनाने मॅक्सचं डोकंच खाली जातं. पुढे गाडी उताराला लागताना मॅक्सला वाटतं आपणही बसून जायचंय. तो टुणकन मागे चढतो आणि आपल्याकडे बघून खुशीत हात हलवतो. ग्रिंच त्याला उचलून पुन्हा पुढे जुंपतो. एक शब्द नाही, सगळं मिळून काही सेकंद. कुत्र्याचा चेहरा बघूनच मालक कसा आहे ते कळतं, मग वेगळं बालपण दाखवावं लागत नाही. आई इथे इतकी हसली की तिला ठसका लागला, लेक पाणी आणायला पळाली.

दुसरी जागा म्हणजे ग्रिंचला युक्ती सुचते तो क्षण. आधी नुसता विचार करणारा चेहरा. मग ओठांचा एक कोपरा हलतो. हसू सरपटत जावं तसं वर चढायला लागतं, गालांच्या घड्या बाजूला सारतं, पिवळ्या डोळ्यांतली तांबडी बुबुळं आकुंचतात आणि हसू वर चढतच राहतं. हे इतक्या संथपणे होतं की मधेच आपल्यालाही हसू फुटतं आणि अंगावर काटाही येतो. त्या पसरत जाणाऱ्या हसण्याला मोकळा चेहरा लागतो, जो चित्रातल्या रेषेकडे असतो. जिम कॅरीसारख्या रबरी चेहऱ्याच्या नटाला मात्र तुम्ही जाड लेप, केसांचा अंगरखा आणि डोळ्यांना टोचणाऱ्या लेन्स चढवल्या. त्याने स्वतः सांगितलंय की पहिल्या दिवशी मेकअपला साडेआठ तास लागले, आणि छळ सोसायला शिकवणारा तज्ज्ञ त्याच्यासाठी बोलावावा लागला. रिक बेकर आणि गेल रायन यांना त्या मेकअपसाठी ऑस्कर मिळालं, ते योग्यच मिळालं. त्या कारागिरीला आणि कॅरीच्या कष्टांना मी मनापासून हात जोडते. त्याची धडपड प्रत्येक प्रसंगात दिसते. पण ती धडपड दिसते, हीच अडचण आहे.

काहीजण म्हणतील की सिनेमाही त्याच पुस्तकावरून घेतलाय, कार्टूनवरून नाही. मग ग्रिंच हिरवा कसा? पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी, त्यात तांबड्याची छटा. हिरवा रंग चक जोन्सचा. ग्रिंचची खोड काढणारं ते जाड आवाजातलं गाणंही कार्टूनसाठीच लिहिलेलं, सिनेमात कॅरी तेच गातो. (मूळ गायलंय थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने. श्रेयनामावलीत त्याचं नावच राहून गेलं, आणि डॉक्टर स्यूस यांनी ती चूक दुरुस्त व्हावी म्हणून वर्तमानपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रं लिहिली. मला हे फार आवडतं.) रंग घेतला, गाणं घेतलं, मग तो संयम का नाही घेतला?

कार्टूनचा निवेदक, नट बोरिस कार्लोफ, त्याच्याबद्दल थोडं. १९३१च्या सिनेमात फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेला तो हाच. त्याच्या घराण्यात भारतीय रक्त होतं, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तरीच. आजोबा गोष्ट सांगतात तसं सांगतोय." ग्रिंचचा आवाजही त्याचाच, गोष्ट सांगणाराही तोच. म्हाताऱ्या माणसाने नातवंडांना गोष्ट सांगताना मधेच राक्षसाचा आवाज काढावा, तसं. सिनेमात निवेदन अँथनी हॉपकिन्सचं आहे. आवाज अप्रतिम, पण पडद्यावर एवढा गलबला की तो आवाज पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

हा रोग एकट्या ग्रिंचचा नाही. सांता एक वर्ष सुट्टी घेतो ती १९७४ची बाहुल्यांची गोष्ट २००६मध्ये जॉन गुडमन या नटाला घेऊन पुन्हा केली, तीही मी पाहिली आहे. पुन्हा बघणार नाही.

नव्वदीत जन्मलेल्या माझ्या बहिणीला कॅरीचा ग्रिंचच खरा वाटतो, कारण तिने लहानपणी तोच पाहिला. तिचं प्रेम मला कळतं. तिला मी एवढंच म्हटलं की तुझ्या मुलाला आधी सव्वीस मिनिटांचं दाखव, सिनेमा नंतर. आधी त्याला ग्रिंचची भीती वाटू दे. कारण न कळता वाईट असणारं कोणीतरी असतं, हे चार वर्षांच्या पोराला समजतं. पलंगाखाली कोण आहे याचं बालपण त्याला नको असतं.

यंदा आई आलेली नाही, गुडघ्यांनी धरलंय. परवा फोनवर सगळ्यांची चौकशी झाली, फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तो कुत्र्याचा लावलात का गं? लावाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल कर. दुसरा नको हं, पहिला."

शनिवारी लावतोय. सांगलीत तेव्हा रविवारची सकाळ असेल.