मुडद्याला थंडी वाजते

आमच्या नाटकाच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं: पाटील पडतात, लगेच अंधार. अंधारात पाटलांनी, म्हणजे मी, उठून विंगेत जायचं. गोळी वाजली, मी पडलो. अंधार काही होईना.

झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक रात्री सुरू होतं नि उजाडताना सुटतं, म्हणून माझा खून पहाटे साडेतीनला. पौषाची थंडी, अंगात पातळ सदरा, वर दिवसासारखा उजेड. पुढ्यात घोंगडी पांघरून बसलेला एक म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"मेला का जी हा?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं.

"मेला."

"मंग पोट काहून हालते?"

मी श्वास रोखला.

"आता थांबला. आता मेला." थोड्या वेळानं पुन्हा, "पाय कापून रायले नं बा. थंडी वाजत असन." मग थेट मलाच, "बापू, घोंगडी देऊ का?"

मेलेल्या माणसानं अशा वेळी काय उत्तर द्यावं, हे एकवीस दिवसांच्या तालमीत कोणी शिकवलं नव्हतं.

बाकीच्यांचं म्हणाल, तर सगळे आपापल्या जागी चोख हजर. पडदेवाला दोरी धरून उभा. त्याची खूण अंधार. ऑर्गनवाला बोटं ठेवून तयार. त्याची खूण पडदा. नायिकेचा हंबरडा ऑर्गनच्या सुरावर. एकाची खूण दुसऱ्याच्या कामाला बांधली की पहिला अडला म्हणजे सगळे अडतात. खूण एकाच माणसाकडून निघायला हवी. विंगेतल्या प्रॉम्प्टरनं लाल कागद लावलेली बॅटरी दोनदा उघडझाप केली की ‘तयार’, एकदा लांब धरली की ‘सोड’. तीही सगळ्यांना दिसेल अशा जागेवरून. आमचा प्रॉम्प्टर विंगेतून हातवारे करत होता. लाईटवाला प्रेक्षकांच्या मागे, साठ फुटांवर. त्याला काय दिसणार, कपाळ?

वडशाच्या धंदेवाईक नाटक कंपन्यांचं बघून आम्ही बिघडलो. ते दिवाळीनंतर रोज नव्या गावात खेळ लावतात, फार तालीम न करता निभावून नेतात. त्यात झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यापासून आमच्या मंडळात जो तो ‘स्टेजवर बघून घेऊ’ म्हणतो. अरे, त्यांच्या अंगात हजारो प्रयोग मुरलेत. तुझ्या अंगात काय आहे, माझा पातळ सदरा?

शेवटी म्हाताऱ्यालाच कीव आली. "जा बा तू. आमी डोरे मिटतो." मग मागे वळून, "मिटा रे सारे! पोट्टे हो, तुमी बी!" आणि पुढच्या दोन रांगांनी खरंच डोळे मिटले. मी उठलो, सदरा झटकला नि चालत निघून गेलो. तिसऱ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. अख्ख्या रात्रीत मला पडलेल्या त्या एवढ्याच.

खेळ सुटल्यावर मी लाईटवाल्यावर धावून गेलो. तो शांतपणे वायर गुंडाळत होता. "मले मालूम होता जी. पन हा मेटल हॅलाइडचा दिवा हाये. बंद केला तं थंडा झाल्याबिगर पेटत नाई. धा-पंधरा मिनिट अंधारात बसले असते का तुमी?"

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. ‘अंधार होईल का?’ एवढं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो सामान घेऊन संध्याकाळी सातला आला, तेव्हा आम्ही मिशा चिकटवत होतो. सकाळी बोलावून कोरडी तालीम घेतली असती, म्हणजे संवाद गाळून फक्त खुणेच्या आधीची नि नंतरची दोन वाक्यं, तर दोन तासांत उलगडा झाला असता. वेगळ्या बटणावर चार साधे एलईडी लावून द्या म्हटलं असतं, काम झालं असतं. पण कोरड्या तालमीत भाषण ठोकायला मिळत नाही, म्हणून ती कोणाला नको असते.

लाईटवाल्याला पैसे पूर्ण मिळाले. हिशेबाच्या बैठकीत अध्यक्ष मलाच म्हणाले, "बाकी सारं बेस झालं, पण मेल्यावर तुम्ही फार हलता."