भाकरी सोडून ज्वारीचे कच्चे मोड खाऊ नका

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शिजवलं की अन्नातली एन्झाइम (पचनासारखी कामं घडवणारी प्रथिनं) मरतात, म्हणून ते पचत नाही. माणूस एन्झाइमचा ठरावीक साठा घेऊन जन्मतो, तो संपला की आजार सुरू. तेव्हा भाकरी बंद करा आणि मोड आलेली ज्वारी कच्ची खा. आधीची विधानं चुकीची आहेत, पण शेवटचा सल्ला थेट धोक्याचा आहे.

उष्णतेने एन्झाइम निकामी होतात, एवढं खरं. पण दाण्यातली एन्झाइम असतात ती रोपाच्या कामाची. आपलं अन्न आपलीच एन्झाइम पचवतात. लाळेतलं अमायलेज तोंडातच स्टार्च तोडू लागतं, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. जठरात पेप्सिन प्रथिनं तोडतं. ते १८३६ पासून माहीत आहे. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो, दिवसाला लिटर-दीड लिटर. त्यात स्टार्चसाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि तेलातुपासाठी लायपेज असतं. कच्च्या अन्नातली एन्झाइम स्वतः प्रथिनंच असल्याने त्यातली बहुतेक जठरातल्या आम्लात मोडतात. स्वादुपिंडाच्या रुग्णांना देतात त्या एन्झाइमच्या औषधांवरही याचसाठी बहुधा आम्लात टिकणारं आवरण असतं.

उलट शिजवल्याने पचनाला मदतच होते. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतात आणि अमायलेजला आत शिरता येतं. भाकरीच्या पिठात आधणाचं पाणी घालतो तिथूनच ही सुरुवात होते. कच्च्या शेंगदाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, भाजल्यावर ते बरेच कमी होतात. आपली शेंगाचटणी भाजलेल्या दाण्यांचीच असते. ज्वारीतलं काफिरिन नावाचं प्रथिन मात्र पाण्यात शिजवल्यावर थोडं जड पचतं, हेही सांगायला हवं. पण ते त्याचे रेणू एकमेकांना घट्ट जोडले जातात म्हणून. एन्झाइम मेल्यामुळे नव्हे.

जन्मजात साठ्याची गोष्ट तर निराधार आहे. एन्झाइम कामात खर्च होत नाही, एकच रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करतो. जुने मोडले की पेशी नवे घडवतात. लहानपणानंतर अनेकांचं लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं एन्झाइम, कमी होतं आणि दूध सोसत नाही, पण ते जनुकांमुळे. तापवलेलं दूध प्यायल्याने नाही.

आता मोड. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं. कोंब चावला की त्याच कोंबातलं एन्झाइम धुरिनला भिडतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. मेसेज ज्याला 'जिवंत एन्झाइम' म्हणून डोक्यावर घेतोय, तेच इथे विष मोकळं करतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किरळ लागते, म्हणजे हीच विषबाधा होते, हे मंगळवेढ्याकडचा शेतकरी चांगलं जाणतो आणि गुरांना त्या रानात सोडत नाही. मग तेच कोंब आपण आपल्या पोरांच्या ताटात का वाढायचे? हुरड्याचा यात दाखला देऊ नका. हुरडा म्हणजे कणसात भरलेला कोवळा दाणा, तोही भाजलेला.

घरात कुणी ज्वारीचे कच्चे मोड खात असेल तर आजच थांबवा. मटकीची शिजवलेली उसळ खुशाल खा. आणि खाल्लेलं अंगी लागत नसेल, वजन उतरत असेल, शौचाला तेलकट होत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. स्वादुपिंडाची एन्झाइम खरंच कमी पडत असतील तर ते तपासणीत कळतं आणि त्यावर औषध आहे.