‘आपल्या आठ, त्यांच्या सहाच’: रशियन विभक्त्यांबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

रशियन शिकायला निघालेल्या मराठी मुलांच्या, त्यातही तिकडे एमबीबीएसला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: मराठीत आठ विभक्त्या, रशियनमध्ये सहाच, म्हणजे आपल्याला सोपं. आपल्या विभक्तीसमोर त्यांची विभक्ती मांडा, तक्ता पाठ करा, शब्द हव्या त्या क्रमाने ठेवा. शेवट चुकला तरी काळजी नको, रशियन माणूसही बोलताना तो गिळतोच. आणि नावांना तर काही लागतच नाही. हेतू धीर देण्याचा आहे हे दिसतं, पण यामुळे नवशिक्याची मेहनत नको तिथे खर्च होते आणि हवी तिथे पोचत नाही. (रशियन शब्द इथे स्पेलिंगच्या जवळ राहून देवनागरीत दिले आहेत. खरा उच्चार कानांनीच घ्यावा.)

‘आठापेक्षा सहा कमी.’ विभक्त्यांची संख्या मोजून काही हाती लागत नाही. मराठीत सामान्यरूप साधलं की प्रत्यय ठरलेला: मुलाला, मुलीला, घराला, वहीला. ‘ला’ हलत नाही. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटात लिंग, वचन आणि विभक्ती एकत्र मुरलेली असतात. टेबलाला ‘स्तोलू’, पुस्तकाला ‘क्नीग्ये’, वहीला ‘त्येत्रादी’. उलट बाजूनेही तेच: ‘स्तोलू’ मधला ऊ चतुर्थीसारखा, तर ‘क्नीगू’ मधला ऊ कर्माचा. त्यामुळे नुसता शेवट पाहून विभक्ती ओळखता येत नाही, आधी शब्द कुठल्या गटातला ते माहीत हवं. मूळ रूप व्यंजनावर संपलं तर पुल्लिंगी, आ किंवा या वर संपलं तर बहुतेक स्त्रीलिंगी, ओ किंवा ये वर संपलं तर बहुतेक नपुंसकलिंगी. शेवटी मृदुचिन्ह (आधीचं व्यंजन मऊ करणारं, स्वतःचा उच्चार नसलेलं ь हे अक्षर) असेल तर शब्द पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असू शकतो, तिथे लिंग शब्दासोबतच पाठ करावं लागतं.

खरा दिलासा वेगळ्या ठिकाणी आहे आणि मजकुरात तो नाही. ‘क्नीगा’च्या दोन्ही वचनांत मिळून 12 जागा असल्या तरी वेगळी रूपं 9 च आहेत. ‘त्येत्राद’ची एकवचनात फक्त तीन: त्येत्राद, त्येत्रादी, त्येत्राद्यू. अनेकवचनात दातेल्नी (साधारण आपली चतुर्थी), त्वोरीतेल्नी (साधारण तृतीया) आणि प्रेद्लोझ्नी (साधारण सप्तमी) या तीन विभक्त्यांचे शेवट सगळ्या लिंगांना जवळपास सारखेच: आम, आमी, आख. खरा घाम फुटतो तो रोदीतेल्नीच्या, म्हणजे साधारण आपल्या षष्ठीच्या, अनेकवचनात: स्तोलोव, त्येत्रादेय, आणि क्नीगाचं चक्क ‘क्नीग’.

‘आपल्या विभक्तीसमोर त्यांची मांडा.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. द्वितीया आणि चतुर्थीचे आपले प्रत्यय एकच आहेत, त्यामुळे आपला ‘ला’ दोन कामं करतो. ‘डॉक्टरला बोलवा’ म्हणजे ‘पोझोवीत्ये व्राचा’, पण ‘डॉक्टरला द्या’ म्हणजे ‘दाइत्ये व्राचू’. पहिलं विनीतेल्नी (कर्माची, साधारण आपली द्वितीया), दुसरं दातेल्नी. शिवाय ‘मी कुत्र्याला घाबरतो’ मधला ‘ला’ तिकडे तिसरीकडेच जातो: ‘या बोयूस सोबाकी’, म्हणजे रोदीतेल्नी.

‘ने’ तर आणखी फसवतो. ‘पेनाने लिहितो’ इथे त्वोरीतेल्नी बरोबर बसते: ‘रूच्कोय’. ‘बसने जातो’ला मात्र सहसा ‘ना आव्तोबूस्ये’ म्हणतात, ती प्रेद्लोझ्नी. आणि ‘सुनीताने पुस्तक वाचलं’ या वाक्यातल्या ‘ने’मुळे मराठी विद्यार्थी ‘सुनीतोय’ असं रूप करून बसतो. रशियनमध्ये कर्ता साधा प्रथमेतच राहतो आणि क्रियापदही कर्त्याप्रमाणेच चालतं: ‘सुनीता प्रोचिताला क्नीगू’. आपल्याकडे ‘वाचलं’ पुस्तकाशी जुळतं, तिकडे ‘प्रोचिताला’ सुनीताशी.

तिसरा सापळा ‘त’, ‘वर’ आणि ‘कडे’चा. आपण ‘शाळेत आहे’ आणि ‘शाळेत जातो’ दोन्हीकडे ‘शाळेत’च म्हणतो. रशियन मात्र ‘कुठे’ आणि ‘कुठे जायला’ यांत फरक करते. शाळेत आहे: ‘व श्कोल्ये’, शाळेत जातो: ‘व श्कोलू’. टेबलावर आहे: ‘ना स्तोल्ये’, टेबलावर ठेव: ‘ना स्तोल’. डॉक्टरकडे बसलोय: ‘ऊ व्राचा’, डॉक्टरकडे जातो: ‘क व्राचू’. पहिल्या काही महिन्यांत मराठी तोंडून ‘इदू (जातो) व श्कोल्ये’ हमखास निघतं, ते याचमुळे.

तिथून निघताना मात्र मराठी मदतीला धावून येते, इंग्रजीहून कितीतरी जास्त. शाळेतून ‘इज श्कोली’, टेबलावरून ‘सो स्तोला’, डॉक्टरकडून ‘ओत व्राचा’. आपले तून, वरून, कडून आणि त्यांचे इज, स (किंवा सो), ओत एकमेकांवर जवळपास तंतोतंत बसतात, आणि तिन्हींपुढे विभक्ती एकच, रोदीतेल्नी. असंच ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’, ‘मला पाहिजे’ यांचं. तिकडेही ‘म्न्ये खोलोद्नो’, ‘म्न्ये न्रावित्सा’, ‘म्न्ये नूझ्नो’. आणि सजीव-निर्जीव भेद: आपण टेबल बघतो, पण विद्यार्थ्याला बघतो. ते ‘स्तोल’ तसंच ठेवतात, पण ‘स्तुद्येंत’चं ‘स्तुद्येंता’ करतात. एवढं लक्षात ठेवावं की आ वर संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांना एकवचनात हा भेद नाही, क्नीगू (पुस्तक) आणि सेस्त्रू (बहिणीला) दोन्हीकडे ऊ येतोच.

‘तक्ता पाठ केला की झालं.’ रूप कसं होतं ते तक्ता सांगतो, ते कधी वापरायचं ते सांगत नाही. हे ठरवतात क्रियापद, शब्दाआधी येणारं अव्यय आणि आकडा. म्हणून वहीत ‘पोमोगात = मदत करणे’ असं अर्धवट न लिहिता ‘पोमोगात कोमू’ लिहावं. ‘कोमू’ म्हणजे कोणाला, की दातेल्नी आपोआप कळली. रशियन शब्दकोशही क्रियापदासोबत असाच प्रश्न देतात. अव्ययांचंही तसंच: ब्येज, द्ल्या, दो, पोस्ल्ये, इज, ओत, ऊ या सातांपुढे नेहमी रोदीतेल्नी.

औषधाच्या कागदावरची ही ओळ बघा: ‘प्रिनिमात पो ओद्नोय ताब्लेत्क्ये त्री राजा व द्येन पोस्ल्ये येदी’, म्हणजे जेवणानंतर दिवसातून तीनदा एकेक गोळी. ‘पो’मुळे गोळी दातेल्नीत गेली. ‘तीन’मुळे ‘राज’ला रोदीतेल्नी एकवचन लागलं. ‘दिवस’ विनीतेल्नीत आहे, पण निर्जीव पुल्लिंगी असल्याने रूप बदललेलं दिसत नाही. ‘पोस्ल्ये’मुळे ‘येदा’चं ‘येदी’ झालं. वॉर्डात रोज लागणारं हे वाक्य एकट्या तक्त्यावरून जुळवता येत नाही. आकड्यांचा नियम पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावा: 2, 3, 4 नंतर रोदीतेल्नी एकवचन, 5 ते 20 नंतर रोदीतेल्नी अनेकवचन, 21 ला पुन्हा मूळ रूप. ओदिन रूब्ल, द्वा रूब्ल्या, प्यात रूब्लेय, द्वादत्सात ओदिन रूब्ल.

विभक्त्यांचा क्रमही तक्त्यातला घेऊ नये. आधी प्रेद्लोझ्नी, लगेच विनीतेल्नी, म्हणजे ‘व श्कोल्ये’ आणि ‘व श्कोलू’ जोडीने बसतात. मग रोदीतेल्नी, आणि तिच्यासोबत नकार: ‘ऊ मेन्या येस्त क्नीगा’ (माझ्याकडे पुस्तक आहे) पण ‘ऊ मेन्या न्येत क्नीगी’ (माझ्याकडे पुस्तक नाही). त्यानंतर दातेल्नी, शेवटी त्वोरीतेल्नी. ‘तो डॉक्टर होता’ हे ‘ओन बिल व्राचोम’ असं का होतं, ते तेव्हा शिकलेलं बरं, कारण याला मराठीत जोड नाही.

‘शब्दक्रम काहीही चालतो.’ अर्थ बहुधा टिकतो, पण भर हलतो, जसा मराठीत हलतो. ‘क्नीगा ना स्तोल्ये’ म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. ‘ना स्तोल्ये क्नीगा’ म्हणजे टेबलावर एक पुस्तक आहे. आणि काही शब्दांची प्रथमा आणि विनीतेल्नी सारखीच असते. ‘मात ल्यूबित दोच’ मध्ये आई मुलीवर प्रेम करते हे फक्त क्रमावरून समजतं. उलटं लिहिलंत तर मुलगी आईवर प्रेम करते असंच वाचलं जाईल.

‘शेवट गिळतात, चुकला तरी चालतो.’ अर्धं खरं आहे. आघात, म्हणजे जोर, नसलेला स्वर बोलताना पुसट होतो, ‘क्नीगी’ आणि ‘क्नीग्ये’ कानाला जवळपास सारखेच वाटतात. पण ‘क्नीगू’चा ऊ स्पष्ट राहतो, आणि ‘व्राचा’, ‘व्राचू’ यांत तर आघातच शेवटावर आहे. रशियन माणूस जे गिळतो ते त्याला आधीच माहीत असतं. आपण चुकीचा शेवट ठणठणीत उच्चारला तर त्याला तो चुकीचाच ऐकू येतो.

‘नावांना काही लागत नाही.’ लागतं. नागपूरमध्ये म्हणजे ‘व नागपूर्ये’. मुंबई मात्र बदलत नाही, कारण तिचं रशियन रूप इ वर संपतं. अनिताची अनिती, अनित्ये, अनितू होते. रोहिणी तशीच राहते. व्यंजनावर संपणारं आडनाव पुरुषाचं असेल तर विभक्तीप्रमाणे बदलतं, बाईचं असेल तर नाही. दाखल्यावर ‘कोणाला दिला’ या रकान्यात एखाद्या मुलाचं ‘पाटील’ ‘पातिलू’ असं छापून आलं तर स्पेलिंग चुकलेलं नाही, ती दातेल्नी आहे. मुलीच्या दाखल्यावर ‘पातिलू’ आलं तर मात्र खिडकी सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्यावं.