'एक हितचिंतक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

विनोदी कलाकार भारती सिंगचं कौतुक करणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच लिहिलंत. आधी चूक कबूल करून टाकते. तिचं लग्न अमृतसरला झालं असं मी लिहिलं होतं. अमृतसर तिचं माहेर. लग्न डिसेंबर २०१७ मध्ये गोव्यात झालं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य. मुलगा ३ एप्रिल २०२२ ला झाला आणि ज्या बाराव्या दिवशी आपल्याकडे बारसं करतात त्या दिवशी ही बाई शूटिंगला हजर, यात कौतुक कसलं, असं तुम्ही विचारता. विचारा की. पण त्यालाच जोडून 'ताई, तुम्हाला सव्वा महिना म्हणजे काय ते ठाऊक दिसत नाही!!!' हे कशासाठी? तीन-तीन उद्गारचिन्हं? मुद्दा भारतीचा होता ना, मग माझ्या बाळंतपणात कशाला शिरलात?

शिरलाच आहात तर ऐका. माझी मुलगी फेब्रुवारीत झाली. तेव्हा मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे आणि परीक्षा मार्चात. अठरा मुलांची फी आधीच घेतलेली आणि ती दवाखान्यात खर्चही झालेली. सोळाव्या दिवशी कानाला रुमाल बांधून, पोटाला पट्टा आवळून फळ्यासमोर उभी राहिले. आतल्या खोलीत शेगडीवर ओव्याचा धूर, बाहेर त्रिकोणमिती. आत मुलगी रडली की इकडे पान्हा फुटायचा. एकदा पुढच्या रांगेतला एक मुलगा अचानक वहीत डोकं खुपसून बसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ब्लाऊज भिजलाय. पदर ओढून घेतला आणि उदाहरण पुरं केलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. डिंकाचा लाडू तेवढा रोज वाटीखाली झाकून फळ्याजवळ ठेवायची.

तेव्हा सव्वा महिना मला शिकवू नका.

कामावर परतली त्या दिवशी भारतीने फोटोग्राफरांना सांगितलं की निघताना खूप रडले, पण काम ते काम. तुम्हाला त्यात 'पैशाची हाव' दिसली. मला फळा दिसला. ती दोन वर्षांची असताना वडील गेले, आईने लोकांच्या घरची कामं करून मुलं वाढवली, हे तिने स्वतःच अनेकदा सांगितलंय. अशा घरातून आलेल्या माणसाला आलेलं काम परत पाठवणं जड जातं, मग बँकेत कितीही असो. आणि हो, ज्या कार्यक्रमाच्या शूटिंगला ती गेली, त्याचं सूत्रसंचालन तिच्यासोबत तिचा नवरा हर्षही करत होता. बाळ त्याचंही बारा दिवसांचंच होतं. त्याला सव्वा महिना कोणी विचारला? तुम्हीही नाही विचारलात.

उरला तुमचा 'तिच्याकडे माणसं आहेत, आमच्या साहेबांनी उद्या तिचं उदाहरण दिलं तर?' हा मुद्दा. प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, हेही तुम्ही बजावलंत. बरोबर आहे. पहिल्या दोन मुलांसाठी रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, एवढं मलाही माहीत आहे. पण तो कायदा पगारी नोकरीचा. शूटिंगच्या शिफ्टवर पैसे मिळवणारीला आणि घरी शिकवण्या घेणारीला त्यात कोण विचारतं? साहेबांचं साहेबांना सांगा. त्यावर सवडीने लिहीन, आज नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, उद्गारचिन्हांसकट तशीच आहे. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, म्हणजे अहो-जाहो कुणाला करतेय ते तरी मला कळेल.